गोळी कुणाच्या सोयीची?

ती गोळी मी पहिल्यांदा पाहिली ती पोळपाटावर. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीकडे सत्यनारायण होता आणि मी नेहमीप्रमाणे मदतीला म्हणून तासभर आधीच पोचले होते. स्वयंपाकघरात शिरले तर ही ओट्याकडे तोंड करून लाटण्यानं काहीतरी बारीक करत होती. मला वाटलं वेलदोडे. "अगं, खलबत्त्यात कूट ना," म्हणत पुढे झाले तर पांढरी पूड. तिनं ती झटकन गूळ-तूप-पोळीच्या कुस्कऱ्यात कालवली, वाटी पदराआड धरली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोलीस.

"ताई, सासूबाईंना सांगू नका. सोन्याचं औषध आहे. लक्ष लागायचं."

सोन्या तिचा मुलगा, तेव्हा नऊ वर्षांचा, तिसरीत. हे त्याचं घरातलं लाडाचं नाव, दर चार घरांआड एक सोन्या असतो म्हणून लिहिते आहे. मी तिला विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?" त्यावर ती जे म्हणाली ते अजून माझ्या मनातून जात नाही. "तुम्हीच तर बैठकीत म्हणाला होता ना ताई, की पोरांना असल्या गोळ्या देणं म्हणजे आईनं हात झटकणं."

म्हटलं होतं मी. सावेडीतल्या आमच्या बैठकीत, वीसएक बायकांसमोर, कुठल्याशा मासिकात अर्धामुर्धा लेख वाचून. संस्कार, घरातलं वातावरण, टीव्ही कमी करा, सूर्यनमस्कार घाला असं बरंच बोलले होते. टाळ्याही पडल्या होत्या. समाजकार्य करणाऱ्या आमच्यासारख्या बायकांना एक खोड असते, माहिती कमी असली की आम्ही आवाज चढवतो. त्या टाळ्यांमध्ये ही बाई गप्प बसून होती आणि त्या दिवसापासून तिनं ठरवलं होतं की ही गोष्ट कुणालाच सांगायची नाही.

आता त्या पोळपाटावरच्या पुडीत चूक काय होती ते सांगते, कारण ती जिवावर बेतू शकली असती. सोन्याची गोळी दिवसभर हळूहळू विरघळत राहणारी होती. अशी गोळी अख्खी गिळायची असते, फोडायची, चावायची किंवा कुटायची नसते. कुटली की आठ-दहा तासांत उतरायचं औषध एकदम अंगात जातं. सोन्याची छाती धडधडायची, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत डोळा लागायचा नाही, आणि आईला वाटायचं की औषधच वाईट. तरी बंद करायची हिंमत नाही, कारण शाळेचा निरोप होता, "गोळी देऊन पाठवा, नाहीतर दाखला घेऊन जा." डॉक्टरांना विचारायचं तर पुण्याला जायला हवं, आणि पुण्याला जायचं तर घरी कारण सांगायला हवं. त्यापेक्षा लाटणं सोपं.

पुढच्याच आठवड्यात मी तिच्याबरोबर एसटीनं पुण्याला गेले. घरी सांगितलं, गटाचं काम आहे. खोटं बोलले, पण माझ्या आधीच्या भाषणापेक्षा ते खोटं बरं होतं. सोन्या सुप्यापर्यंत खिडकीपाशी होता, शिरूरला कंडक्टरच्या शेजारी, रांजणगाव येईपर्यंत त्यानं तिकिटं फाडायचं यंत्र कसं चालतं ते विचारून घेतलं होतं आणि पुढच्या सीटवरच्या आजींच्या पिशवीतली अर्धी बोरं रस्त्यावर सांडली होती. त्याची आई दर पाच मिनिटांनी कुणाची तरी माफी मागत होती. मला तिच्याकडे बघवेना. माफी मागायची तिला इतकी सवय झाली होती की मधेच एकदा बसनं धक्का दिला तर ती त्यासाठीही शेजारणीला "सॉरी हं" म्हणाली.

डॉक्टरांनी आधी सोन्याचं वजन केलं, उंची मोजली, नाडी आणि रक्तदाब पाहिला. मग आम्हा दोघींना समजावलं. एडीएचडी म्हणजे मूल मंद आहे असं नाही आणि वाईट वळणाचंही नाही. मेंदूत लक्ष धरून ठेवण्याचं, थांबण्याचं, आपली पाळी येईपर्यंत दम धरण्याचं जे काम चालतं ते या मुलांमध्ये वयाच्या मानानं मागे राहतं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. (सासूबाई म्हणतातच, "याचा बापही असाच होता." त्या चुकीचं बोलत नव्हत्या, फक्त त्यावरून काही करायचं नाही असं ठरवत होत्या.) जगभरात शंभरात पाचेक मुलांमध्ये हा त्रास आढळतो, असं साधारण मानलं जातं.

परतताना मी तिला माझ्या भाषेत सांगितलं. आपलं शनिशिंगणापूर आहे ना, घरांना दारं नाहीत, तसं सोन्याचं मन आहे. आपल्या मनाला दार असतं. बाईंचं बोलणं आत घ्यायचं, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न बाहेर ठेवायचा हे ते आपोआप करतं. त्याच्याकडे रिक्षा, चिमणी, शेजारच्याचं खोडरबर, बाई, सगळे एकदमच आत. ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

या औषधांचा इतिहास मी नंतर वाचला आणि तो गमतीचा आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर डोकं दुखणाऱ्या मुलांना बेन्झेड्रीन दिलं. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही, पण वर्गात अभ्यास मात्र अचानक सुधारला. मुलंच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआन्द्रो पॅनिझॉन या रसायनशास्त्रज्ञानं मिथिलफेनिडेट तयार केलं. त्याच्या बायकोला घरात रीटा म्हणत, तिच्यावरून त्याचं नाव रिटालिन पडलं. औषधाला बायकोचं नाव देणारा नवरा, आपल्याकडे फार तर ट्रकला किंवा बंगल्याला देतात! तर, उत्तेजक औषधानं चंचल मूल शांत कसं होतं हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. ते मूल गुंगीत जात नाही. लक्षाचं दार ओढायला जे रसायन कमी पडतं, ते मेंदूला थोडं जास्त मिळतं, इतकंच. ज्या मुलाला गोळीनं पेंग येते किंवा जे दगडासारखं बसून राहतं, त्याचं औषध किंवा मात्रा चुकते आहे असं समजून डॉक्टरांकडे परत जायला हवं.

आपल्याकडे मिथिलफेनिडेट औषध कायद्याच्या 'एक्स' परिशिष्टात येतं आणि अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यातही त्याचा समावेश आहे. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. कुठल्याही मेडिकलमध्ये ते मिळत नाही, त्यासाठी दुकानाकडे वेगळा परवाना लागतो. हे बंधन योग्यच आहे, पण त्याचा एक अर्थ असाही होतो की अकोल्यातल्या किंवा पाथर्डीतल्या आईला महिन्याच्या गोळ्यांसाठी दिवस मोडावा लागतो. दिवस मोडला की मजुरी बुडते, मजुरी बुडली की गोळी बुडते. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध उत्तेजक गटातलं नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला मुलाच्या मनात नको ते विचार येतात का, यावर घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं असतं. त्याची कॅप्सूलही उघडून दुधात टाकायची नसते.

गोळी अख्खी जायला लागली तसा सोन्या बदलला. एकदम शहाणा नाही झाला. पण दोन महिन्यांनी त्यानं शुद्धलेखनाच्या दहा ओळी एका बैठकीत पूर्ण केल्या, वही घेऊन तो माझ्या घरी आला आणि म्हणाला, "काकू, मी आज थांबलो." लिहिलं असं नाही म्हणाला, थांबलो म्हणाला.

आणि त्याच महिन्यात त्याचा डबा रोज जसाच्या तसा परत येऊ लागला. भूक मरणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास आहे. पुष्कळ मुलांना झोप उशिरा लागते, काहींचं पोट किंवा डोकं दुखतं. वजन आणि उंचीवरही परिणाम होतो. अमेरिकेतल्या ५७९ मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात सतत औषध घेणाऱ्या मुलांची उंची तीन वर्षांत सुमारे दोन सेंटिमीटर कमी भरली. त्याच अभ्यासाचे १९९९ मधले निष्कर्ष होते की चौदा महिन्यांच्या काळात मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा गुण सर्वांत चांगला आला. आणि २००७ मध्ये, तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा, औषध गट आणि बाकीचे गट यांच्यातला फरक पुसट झाला होता. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासातल्या. ज्याला गोळीची बाजू घ्यायची तो पहिलं वाक्य सांगतो, ज्याला विरोध करायचा तो दुसरं. आईला मात्र दोन्ही माहीत हवीत. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ आणि २०२१ मध्ये मिथिलफेनिडेटला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घ्यायचं नाकारलं होतं, दीर्घकाळच्या फायद्या-तोट्याचा पुरावा पुरेसा भक्कम नाही म्हणून. म्हणजे औषध निरुपयोगी आहे असं नाही. डोळे झाकून वर्षानुवर्षं देत राहण्याची ही गोष्ट नाही, एवढं त्यातून मी घेतलं. मध्येमध्ये डॉक्टरच बघतात, अजून लागते का, कमी करता येते का, सुट्टीत थांबवायची का.

आमच्या मैत्रिणीनं यावर तोड काढली ती तिच्या स्वयंपाकघरातूनच. सकाळी गोळीच्या आधी बाजरीची भाकरी, दूध आणि वर तूप. दुपारचा डबा नावापुरता. औषध उतरतं तेव्हा, संध्याकाळी साडेसहाला, त्याला लांडग्यासारखी भूक लागते, तर तेव्हा पूर्ण जेवण, मग रात्री पुन्हा काहीतरी. दर महिन्याच्या पाच तारखेला किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. तो आकडा ती गॅसच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवते.

हे सगळं मी लिहिते आहे म्हणून मी आता गोळीची प्रचारक झाले असं कुणी समजू नये. त्याच वर्षी दुसरा एक मुलगा भेटला. आई-वडील ऊसतोडीला, दसऱ्यानंतर कोयता घेऊन बाहेर, पोरगा आजीकडे. वर्गात बाईंकडे लक्ष नाही, हाक मारली तर बघत नाही, मध्येच उठतो, दंगा करतो. सोन्याची गोष्ट कानावर गेलेल्या एका शिक्षिकेनं मला चांगल्या मनानं सुचवलं, "याला पण ती गोळी चालू करा ना ताई." त्याचा कान वाहत होता. दोन वर्षं. आरोग्य पथकाकडून तपासून घेतलं तेव्हा कळलं की त्याला एका कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही आणि दुसऱ्यानं अर्धंमुर्धं. कानाचे उपचार झाले, पुढच्या बाकावर बसवलं, आणि त्याचा एडीएचडी बरा झाला, कारण तो नव्हताच.

म्हणून गोळीच्या चिठ्ठीआधी कान आणि डोळे तपासलेले हवेत. रक्त कमी आहे का, फिट येतात का, रात्री झोप होते का, घरात मारहाण आहे का, वाचता न येण्याचीच अडचण आहे का, हे बघितलेलं हवं. लक्षणं निदान सहा महिने असली पाहिजेत, बारा वर्षांच्या आतच सुरू झालेली असली पाहिजेत, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसली पाहिजेत. जो मुलगा फक्त एकाच बाईंच्या तासाला दंगा करतो आणि बाकी सगळीकडे ठीक असतो, त्याच्या बाबतीत बाईंशीही बोलायला हवं. आणि अगदी लहान, पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये तर पहिला उपचार आई-वडिलांच्या प्रशिक्षणाचा, औषधाचा नाही, यावर तज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे.

आता शाळेबद्दल. शिक्षकांची बाजू मला कळते. मी स्वतः बी.ए. झाल्यावर दीड वर्ष शिकवलं आहे. साठ पोरांच्या वर्गात एक सोन्या असला की तास संपतो. शिक्षणहक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. किती वर्गांमध्ये तीस मुलं असतात ते तुम्हीच आपल्या पाल्याला विचारा. पण वर्गात गर्दी झाली म्हणून मुलाला औषध, हा कुठला न्याय? गोळी मुलाच्या त्रासासाठी असते, वर्गाच्या शांततेसाठी नाही. त्याच २००९ च्या कायद्याचं सोळावं कलम म्हणतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. सतराव्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी घातली आहे. "गोळी द्या नाहीतर दाखला न्या" हे वाक्य या दोन कलमांच्या मध्ये बरोबर अडकतं. ज्या अमेरिकेत ही औषधं सर्वांत जास्त खपतात, तिथंही २००४ च्या कायद्यानं शाळांना बजावलं आहे की अशी नियंत्रित औषधं घेण्याची अट घालून मुलाला शाळेत बसू द्यायचं, हे चालणार नाही. सोन्याच्या शाळेचं नाव मी लिहीत नाही. मुख्याध्यापकांपुढे कायद्याचं पुस्तक ठेवल्यावर त्यांनी चहा मागवला आणि दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही. सोन्याला बाईंनी पहिल्या बाकावर घेतलं. खडू आणायला, फळा पुसायला, हजेरी कार्यालयात द्यायला त्याला उठवू लागल्या. उठायचं तर आहेच, मग कामाला उठू दे. कुठल्याही परिशिष्टात न बसणारं हे औषध त्या बाईंना स्वतःलाच सुचलं.

मुलींविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, हे पान आपलं आहे म्हणून. ज्या मुली पळत नाहीत, बोलत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसतात, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. त्यांना आपण 'वेंधळी' म्हणतो. माझ्या मावशीला आयुष्यभर वेंधळी म्हणाले. दूध उतू जायचं, किल्ल्या हरवायच्या, पत्र लिहायला घेतलं की अर्ध्यात सोडून ती अंगणात. तिला काय होतं ते आता कळायचं नाही. पण चंचल मुलगा निदान शाळेच्या नजरेत तरी येतो, गप्प मुलीचं वर्ष बिनबोभाट वाया जातं आणि मग तिचं लग्न उरकून टाकतात.

याउलट, ज्यांना काही झालेलं नाही त्यांना गोळी हवी असते. गेल्या वर्षी एका ओळखीच्या बाईंनी मला फोन करून विचारलं, "ताई, तुमच्याकडे ती लक्ष लागायची गोळी मिळते म्हणे. मुलाची नीट आहे." मी म्हटलं, मुलगा नीट आहे ना, मग कशाला? त्यांना परीक्षा म्हणायची होती. निरोगी मुलाला परीक्षेपुरती जागरणाची किंवा एकाग्रतेची गोळी देणं म्हणजे त्याच्या झोपेवर, हृदयावर कर्ज काढणं आहे, आणि चिठ्ठीशिवाय ती मिळवणं गुन्हा. त्या बाई रागावल्या. अजून बोलत नाहीत.

सरकारी पातळीवर सगळंच अंधारात आहे असंही नाही. २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी, दोन्हींची नावं आहेत. शाळेत येणाऱ्या पथकाला तुम्ही "याचंही बघा" असं हक्कानं म्हणू शकता, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवरच्या केंद्राची त्यात तरतूद आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. मात्र दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जे एकवीस प्रकार दिले आहेत त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव नाही. ज्या मुलाला दोन्ही आहेत त्याचं भागतं, ज्याला एकच आहे त्याची आई कागद घेऊन फिरत राहते.

आणि क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा असलेला आपला जिल्हा! नगरचं अहिल्यानगर झालं, पण मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की आपली एसटी अजून पुण्याकडेच वळते. मला सारखं वाटतं, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांना बाळंतपणं, क्षय, कुष्ठरोग सगळं शिकवलं आणि त्या शिकल्या. मग आशाताईला एवढं शिकवता येणार नाही का, की गोळी कुटायची नसते, वजन महिन्याला बघायचं असतं, आणि आईला आधी "तुझी चूक नाही" असं म्हणायचं असतं? मला हे तिसरं जमलं नव्हतं. बैठकीत जाऊन मी माझं ते भाषण मागं घेतलं, त्याच वीसएक बायकांसमोर. यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. पण बैठक संपल्यावर तिघीजणी चपला घालायच्या निमित्तानं मागे रेंगाळल्या.

सोन्या आता सहावीत आहे. त्याची मात्रा मध्यंतरी कमी झाली, पाचवीत पुन्हा थोडी वाढवावी लागली. घरी सगळं कळलं ते यंदाच्या उन्हाळ्यात. वर्षभराच्या चिठ्ठ्या गादीखाली सापडल्या. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, "दोन वर्षं एकटीच जात होतीस पुण्याला?" परवा सकाळी मी गेले तेव्हा सोन्या भाकरी संपवत होता आणि आजी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभ्या होत्या. "आ कर," म्हणाल्या. त्यानं गोळी गिळली, जीभ बाहेर काढून दाखवली आणि दप्तर तसंच टाकून दारातून पळाला. मग आजीच दप्तर घेऊन त्याच्या मागे धावल्या.